रांगेचं शेपूट

आपण जिवंत आहोत असा दाखला पेन्शन ऑफिसला पाठवायला सुभेदार तीनदा पोस्टात गेले आणि तिन्ही वेळा दाखला खिशात घेऊन परत आले. चौथ्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा कुठे मला कारण कळलं. सुभेदार रांगेत शेवटी उभे राहत. मागून कोणी आलं की बाजूला होऊन, "प्लीज, यू गो," असं म्हणत त्याला पुढे घालत आणि पुन्हा त्याच्या मागे उभे राहत. शुक्रवारची दुपार होती, न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या त्या पोस्टात माणसं येतच होती. पाऊण तासात सुभेदार खिडकीच्या दिशेने एक पाऊलसुद्धा सरकले नव्हते. उलट दाराजवळच्या वाढदिवसाच्या कार्डांच्या स्टँडपर्यंत मागे गेले होते. शेवटी मीच त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि पुढे जाऊन पोस्ट केलं. बाहेर आल्यावर ते समाधानाने म्हणाले, "बघ, झालं का नाही काम?" जणू काही ते त्यांनीच केलं होतं.

मी तेव्हा दुधाची पावडर तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला होते आणि शहराच्या रोटोटुना या उपनगरात एका मराठी कुटुंबाकडे मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. घरमालकाला मी दादा म्हणे आणि त्याच्या बायकोला वहिनी. दादाचे वडील साताऱ्याकडच्या त्यांच्या गावाहून आले होते, ते बायको वारल्यानंतर इथलेच झाले. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून हॅमिल्टनमधली सगळी मराठी मंडळी त्यांना सुभेदारच म्हणत. मी काका म्हणायचे. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. माझी आई तिला सरळ भोचकपणा म्हणते. तर माझ्या भोचकपणाला असा माणूस सापडणं म्हणजे पर्वणीच होती.

सुभेदार स्वतःला सल्लागार म्हणवून घेत. निवृत्तीच्या कितीतरी आधी, दादा लहान असताना, सरकारने एक तुकडी आफ्रिकेतल्या एका मित्रदेशाच्या फौजेला सल्ला द्यायला पाठवली होती. तिच्यात ते होते. तेव्हापासून सल्ला हा त्यांचा धर्म झाला. कोणताही सल्ला ते उभे राहून देत, एकदाच देत आणि मग खाली बसत. ऐकला नाही तर पुन्हा तोंड उघडत नसत आणि नुकसान झाल्यावर "मी म्हणत नव्हतो?" असंही कधी म्हणत नसत. वहिनीला त्याचाच राग यायचा. ती म्हणायची, "अगं, बोलले तर भांडता तरी येईल. हे नुसते बघत बसतात." मला एक स्थळ आलं होतं आणि मी महिनाभर घोळ घालत होते, तेव्हा सुभेदार जेवणाच्या टेबलावरून उठून उभे राहिले. "पोरी, हो म्हणायचं असतं तर तू पहिल्या दिवशीच म्हणाली असतीस," एवढं बोलले आणि बसून भात कालवायला लागले. मी नकार कळवून टाकला. पुढे त्या मुलाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण माझं बरं झालं.

एक विषय मात्र असा होता, की तिथे ते सल्ल्यावर थांबत नसत. तो म्हणजे पाणी. कोणी नवं घर दाखवायला नेलं की लोक किचन बघत, दोन गाड्यांचं गराज बघत. सुभेदार विचारत, "टाकी कुठंय?" रोटोटुनामधल्या नव्या घरांना कसली टाकी? नळ सोडला की पाणी. हे त्यांना पटत नसे. रोज सकाळी ते बाथटब काठोकाठ भरून ठेवत, दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुऊन त्यांत पाणी भरत आणि गराजमध्ये ओळीने लावत. वहिनी टब सोडून देई, ते पुन्हा भरत. नातीला आंघोळ करायची असली की ती वरून ओरडे, "आजोबा, नॉट अगेन!" त्यावर सुभेदार शांतपणे एक बादली बाहेर काढत आणि म्हणत, "एवढ्यात हो. एवढं पुष्कळ आहे."

वैशाख पौर्णिमेला आम्ही सगळे एका कम्युनिटी हॉलमध्ये जमायचो. मे महिन्याची बोचरी थंडी, आधी बुद्धवंदना, मग कोणाचं तरी भाषण आणि मग गरम खीर. आपल्याकडची रीत अशी, की आधी वडीलधारी माणसं वाढून घेणार, मग बाकीचे. सुभेदार हॉलमध्ये वयाने सगळ्यांत मोठे आणि तेच ताटली घेऊन सगळ्यांच्या मागे उभे. त्यांनी घेतल्याशिवाय घ्यायचं कसं म्हणून पुढची मंडळी खोळंबली. दोघं-तिघं हाताला धरून न्यायला आले. सुभेदार म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." मंडळी म्हणाली, "असं कसं, सुभेदारसाहेब, तुम्ही आधी." तोवर पातेल्यातली खीर गार होऊन तिच्यावर साय धरली. शेवटी पोरांचा धीर सुटला आणि ती तुटून पडली. सुभेदारांच्या वाट्याला तळाची खरवड आली आणि त्यांनी ती इतकी मन लावून खाल्ली की मला वाटलं, यांना खरवड आवडत असावी, म्हणूनच हे सगळं नाटक. घरी परतताना गाडीत वहिनी म्हणाली, "लोकांना वाटतं, आम्हीच यांना मागे ठेवतो."

अशा जेवणावळींत दादाची एक गोष्ट ठरलेली असायची. ताटं हातात आली की तो सुरू करी, "आमच्या बाबांना युद्धात ताप आला होता, माहितीये का?" मग तो सांगे, की त्या परक्या देशात एका शहराला बंडखोरांनी वेढा घातला, सल्लागारांच्या तुकडीला बाहेर काढायला शेवटचं विमान आलं, सगळे चढले आणि आमचे बाबा तेवढे तापाने फणफणून बराकीत पडलेले. विमान गेलं. बाबा नऊ आठवडे आत अडकले. "म्हणून मी एअरपोर्टवर चार तास आधी जातो. एका घरात एकाचंच विमान चुकलं तेवढं पुरे." लोक हसत. सुभेदारही हसत. मला ते हसणं बघून उगाचच कसंतरी व्हायचं, कारण ते सगळ्यांचं हसून झाल्यावर, शेवटी हसत.

दादा वाईट नव्हता. एकदा मला लॅबला सोडताना धुक्यात गाडी हळू चालवावी लागत होती, तेव्हा तो आपणहून बोलला. "मी आठ वर्षांचा होतो. आई रोज दुपारी मला घेऊन पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसायची. बाकीचे लोक परत आल्याचं कळलं होतं, यांचं काहीच नाही. नऊ आठवडे. शाळेतली पोरं म्हणायची, तुझा बाप मेला. ताप सगळ्यांनाच येतो गं. पण माणूस रांगत जाऊन विमानात बसेल ना? घरी बायको-पोर आहे म्हटल्यावर?" मग त्याने हीटर वाढवला आणि म्हणाला, "जाऊ दे. स्वभावच तसा. कशातच पुढे व्हायचं नाही." ती पार्टीतली गोष्ट गंमत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. तो तीस वर्षं तेच विचारत होता आणि उत्तर मिळत नव्हतं.

सुभेदारांच्या पायांत बारा महिने मोजे असत. घरात मोजे, अंगणात मोजे. दादाने हौसेने आणलेले जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात नवेच्या नवे पडलेले. रॅग्लनच्या समुद्रकिनारी काळ्या वाळूवर गेलो, तर सगळे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात, आणि हे मोज्यांत पँट खोचून काठावर उभे. तिथे एक लाट जरा जास्तच वर आली आणि मोजे चिंब झाले. मी म्हटलं, "काका, काढा, नाहीतर सर्दी होईल," आणि त्यांनी नको नको म्हणेपर्यंत डावा मोजा ओढलासुद्धा. टाचेचा अर्धा भाग नव्हताच. जिथे मांस असायला हवं तिथे चकचकीत कातडीचा खड्डा होता. मी बघतच राहिले. सुभेदारांनी ओला मोजा पुन्हा चढवला आणि म्हणाले, "जुनं आहे."

तापाने टाच जात नाही, एवढं मलाही कळत होतं. त्यानंतर मी त्यांच्या मागेच लागले. शनिवारी सकाळी ते गराजमध्ये बसून घरातल्या सगळ्यांच्या बुटांना पॉलिश करत. मी शेजारी स्टूल घेऊन बसे आणि विचारी. ते उत्तर देत नसत. असे पाच-सहा शनिवार गेले. एकदा मी विचारायची थांबले, तर तेच म्हणाले, "आज काय झालं? विचारत नाहीस ते?"

त्यांनी सांगितलं ते असं. शहराच्या दोन्ही अंगांना डोंगर आणि डोंगरांवर बंडखोर. पाण्याची मोठी लाइन त्यांनी तोडली होती. आत एकच खोल विहीर, तिच्यावर इंजिन बसवलेलं. विहिरीपाशी भिंतीचा आडोसा होता, पण रांग लांब. तिचं शेपूट उघड्या मैदानात यायचं, डोंगरावरून सरळ दिसेल असं. पहिल्या दिवशी गोळीबार झाला आणि रांग फुटली. गोळीने मेले त्यापेक्षा जास्त लोक चेंगरून मेले. दुसऱ्या दिवशी पाण्याला कोणी येईना. तिथल्या कॅप्टनने सुभेदारांना विचारलं, काय करायचं? "मी सल्ला दिला," सुभेदार म्हणाले, "रांग मोडू देऊ नका. पाणी मिळालं तर गाव टिकेल. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण मोडू द्यायची नाही म्हणजे कसं? आता ते मला कुठं ठाऊक होतं? सल्लागाराला हत्यार चालवायची परवानगी नाही. मग घेतला एक डबा आणि जाऊन शेवटी उभा राहिलो."

"शेवटी का?"

"गोळी सुटली की माणूस मागं वळून बघतो. मागचा पळाला का बघतो. मागचा उभा असला की तोही उभा राहतो." त्यांनी बुटाच्या टोकावर थुंकीचा एक थेंब टाकला आणि घासत राहिले. "नवीन माणूस आला की त्याला पुढं घालायचं. म्हणजे शेवटचा मीच. गणवेश घालून, उघड्यावर. रोज सकाळी, रांग संपेपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात तोफेच्या गोळ्याचा तुकडा टाचेत गेला. तिथल्या बायकांनी बांधलं. मग काठी घेऊन उभा राहिलो."

"आणि विमान?"

"ते टाचेच्या आधी, पहिल्याच आठवड्यात. विमान आलं तेव्हा मी रांगेतच होतो. आमचे साहेब जीपमधून स्वतः आले. म्हणाले, चल. मी म्हटलं, एवढी रांग संपू दे. साहेब म्हणाले, विमान पाच मिनिटं थांबेल. पाच मिनिटांत रांग संपते होय गं?" ते हसले. "मी गेलो असतो तर कुणी काही बोललं नसतं. पण त्यांनी वळून बघितलं असतं."

शहर टिकलं. नऊ आठवड्यांनी वेढा उठला. पण हुकूम मोडला तो मोडलाच. साहेबांनी सुभेदारांची नोकरी वाचावी म्हणून कागदावर ताप लिहिला. ताप आलेल्या माणसाला कोणी पदक देत नाही आणि पुढची बढतीही त्यांना मिळाली नाही. मी म्हटलं, "काका, हे दादाला सांगा. आजच सांगा." सुभेदार उभे राहिले. बूट हातात, पॉलिशचं फडकं खांद्यावर. "त्याला सांगायचं नाही," ते म्हणाले. "आजारी बाप आला नाही हे पोराला सोसतं. धडधाकट बाप आला नाही, हे कसं सोसायचं?" आणि बसले. मी शब्द दिला. मनात मात्र मला तो सल्ला पटला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला नव्या घरांचे पाये खणत होते. एका दुपारी खोदाईच्या यंत्राने जमिनीखालची पाण्याची मोठी लाइन फोडली आणि अर्धं रोटोटुना कोरडं पडलं. पाच वाजता कौन्सिलचा टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आमच्या घरात त्या दिवशी टब काठोकाठ भरलेला होता आणि गराजमध्ये अठ्ठावीस कॅन. वहिनी लाजून हसली आणि म्हणाली, "घ्या! आज बाबा जिंकले." पण बाबा होते कुठे? मी बाहेर येऊन पाहिलं, तर हातात रिकामा कॅन घेऊन टँकरच्या रांगेत, अर्थातच शेवटी.

शेजारचा म्हातारा गोरा त्यांच्या मागे आला. सुभेदार म्हणाले, "प्लीज, यू गो." तो म्हणाला, "नो नो, मेट, आफ्टर यू." आता इथल्या माणसांना रांगेची शिस्त उपजतच, त्यामुळे जोडी बरोबरीची होती. दोघंही हटेनात. शेवटी शेजाऱ्याने हार मानली, घरून एक घडीची खुर्ची आणून सुभेदारांच्या शेजारी ठेवली आणि पुढे गेला. सुभेदार खुर्चीवर बसले नाहीत. टँकरवाला मधेच ओरडला, की थोडंच पाणी राहिलंय, पुढचा टँकर तासाभराने. तेव्हा रांगेत जरा चुळबुळ झाली, दोघं-तिघं पुढे घुसायला लागले. मागचे वळून बघायला लागले. मागे एक लंगडा म्हातारा ताठ उभा होता. चुळबुळ थांबली.

साडेसहाला दादा ऑफिसमधून आला. गाडीतून उतरून तरातरा आमच्याकडे आला. "बाबा, हे काय? दीड तास उभे आहात म्हणे! घरात टब भरलाय, गराज भरलंय, कशाला हवंय पाणी?"

"असू दे. रांग संपली की येतो."

"नेहमीचंच तुमचं!" दादाचा आवाज चढला. लोक बघायला लागले. "पोस्टात नंबर लागत नाही, जेवायला नंबर लागत नाही, विमान येऊन उभं राहिलं तरी नंबर लागत नाही. एकदा तरी आमच्यासाठी पुढे व्हायचं होतं!"

सुभेदारांनी मान खाली घातली. मला ते बघवेना. दिलेला शब्द मी मोडला, त्याची मला लाज वाटते आणि पश्चात्ताप मुळीच होत नाही. मी म्हटलं, "दादा, ताप नव्हता. ते असेच उभे होते. पाण्याच्या रांगेत, शेवटी, वरून गोळ्या येत होत्या तरी. लोक पळू नयेत म्हणून. टाच बघ त्यांची." जे ठाऊक होतं ते मी तिथेच, रस्त्यात, भडाभडा सांगून टाकलं. सुभेदारांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दादाने वडिलांच्या मोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताप नव्हता?"

"नव्हता."

"म्हणजे येता येत होतं. तरी आला नाहीत."

"नाही आलो."

मला वाटलं, आता संपलं. म्हातारा म्हणत होता तेच खरं, हे पोराला सोसायचं नाही. दादा म्हणाला, "आई त्या पायरीवर..." तो थांबला. "आईला माहीत होतं?"

"घरी आलो त्याच दिवशी तिला सांगितलं."

"मग ती मरेपर्यंत मला ताप होता, ताप होता, असं का सांगत राहिली?"

सुभेदारांनी कॅन या हातातून त्या हातात घेतला. "तो तिचा सल्ला होता. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. नवव्या दिवशी म्हणाली, तुम्ही केलं ते बरोबर केलं असेल, पण माझ्या पोराला सांगू नका. त्याला कळलं तर उद्या तोही असाच शेवटी जाऊन उभा राहील. आणि मला आता पुन्हा त्या पायरीवर बसवणार नाही."

दादाने वडिलांच्या हातातला कॅन घेतला, त्यांना वळसा घातला आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"तू हो पुढं," सुभेदार म्हणाले.

"नाही. तुम्ही सरका. आज शेवटी मी आहे."

सुभेदार त्याच्या मागे जायला बघत होते, पण दादाने त्यांची बाही धरून ठेवली. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून एक बाई जँडल्स फटफटवत धावत आली, काखेत मूल आणि हातात बादली. दादाने तिला पाहिलं आणि तो बाजूला झाला. "यू गो अहेड," तो तिला म्हणाला, "वी आर ऑल गुड." ती थँक्यू म्हणत पुढे गेली, आणि तो पुन्हा शेवटी उभा राहिला.

सुभेदारांनी वळून मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"हेच," ते म्हणाले, "हेच तिला नको होतं."

मग रांग हलली आणि ते एक पाऊल पुढे सरकले.